विरजणाचं निमित्त

शेजारची मानसी आणि तिचा नवरा सध्या रोज संध्याकाळी वाटी घेऊन विरजण मागायला येतात. विरजण हे निमित्त. मूल व्हावं म्हणून त्यांचे उपचार नुकतेच सुरू झालेत आणि त्याची इंजेक्शनं माझ्या फ्रिजमध्ये असतात. "आईंना एवढ्यात कळायला नको, आस लावून बसतील," मानसी म्हणाली होती. आतल्या खोलीत तोच तिला इंजेक्शन देतो. सुई तिला टोचते, कळवळतो तो. जाताना मी आठवणीने वाटीत चमचाभर दही घालते.

दुधाला विरजण लावलं की झाकून ठेवायचं, सारखं उघडून बघायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण येताजाता झाकण काढतो. "काय, काही विशेष?"

काल दुपारी लाइट गेली आणि पाठोपाठ दार वाजलं. मानसीच्या सासूबाई पातेलंभर बर्फ घेऊन उभ्या होत्या.

"त्या दोघांच्या औषधांभोवती ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?" पातेलं घेत मी विचारलं.

"अहो, आमच्याकडे दही खातं कोण? पण मी आले होते, हे त्यांना सांगू नका."