टेरीच्या पबमध्ये, रविवारी दुपारी

ड्रेस्डेनमधली पाच वर्षं कशात घालवलीस असं कुणी विचारलं, तर कागदोपत्री उत्तर 'पीएचडी' असं आहे. पण थीसिसमधलं एक वाक्य आज मला धड आठवत नाही आणि टेरीच्या पबमधले रविवार मात्र तोंडपाठ आहेत! पुण्यात मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ए अनघा, टेरीचं काहीतरी सांग ना!" एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याचं बोट धरून दुसरा येतो, त्याच्यामागून तिसरा, आणि कपातला चहा गार होऊन जातो.

टेरी म्हणजे पबचा मालक. मूळचा उत्तर इंग्लंडचा. बायको हायके ड्रेस्डेनची, म्हणून इथे येऊन राहिलेला. इंग्लंडमध्ये जुने पब बंद पडून मोडीत निघत होते, तिथून त्याने एकेक वस्तू ट्रकमध्ये घालून आणली होती. महोगनीचं काउंटर, रंगीत काचांच्या खिडक्या, ओतीव लोखंडाची फायरप्लेस, पितळी घंटा, आणि पाडलेल्या एका चर्चमधला लांबलचक बाक. काउंटरवर तीन उभे दांडे होते. ते हापशासारखे ओढले की तळघरातल्या पिंपातून 'एल' वर यायची. एल म्हणजे जुन्या पद्धतीची इंग्लिश बिअर. वरून गॅस नाही, बर्फासारखी गार नाही, फेस नावापुरता. टेरीच्या मते बिअर ती एवढीच, बाकी सगळं सोडावॉटर!

आमची टोळी चौघांची. मी, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला सांगलीचा मिलिंद, त्याची बायको ऋचा, आणि नागपूरचा प्रशांत. प्रशांतही पीएचडी करत होता, बॅक्टेरियांवर.

* * *

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही छान कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि वेटरची वाट बघत बसलो. जर्मनीत तीच पद्धत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काउंटरमागे एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस ग्लास पुसत आमच्याकडे बघतोय. आम्ही त्याच्याकडे बघतोय. तो हसला. आम्ही हसलो.

"फारच सावकाश सर्व्हिस आहे," मिलिंद म्हणाला.

इंग्लिश पबमध्ये आपणच काउंटरवर जाऊन मागायचं असतं, हे आम्हाला कुठे ठाऊक! आणि बसलेल्या पाहुण्याला 'काय हवं' असं विचारणं त्या माणसाच्या संस्कारात बसत नव्हतं.

चाळीस मिनिटांनी शेवटी तो ग्लास ठेवून आमच्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "माफ करा, तुम्ही फिनान्झआम्टकडून आलात का? टॅक्सवाले सोडून इतका वेळ नुसतं बघत कुणी बसत नाही."

* * *

मिलिंदचे बॉस डॉक्टर क्राउझं. सुट्टीच्या दिवशीही शर्टाच्या खिशात दोन पेनं. मिलिंद त्यांना कौतुकाने पबमध्ये घेऊन आला. टेरीने काठोकाठ भरलेला ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. क्राउझंसाहेबांनी तो चारही बाजूंनी तपासला.

"रेघ कुठे आहे?"

जर्मनीत ग्लासवर मापाची रेघ असते, बिअर रेघेपर्यंत आणि फेस वर. टेरीचा ग्लास इंग्लिश, त्याचं माप म्हणजे ग्लासचा काठ. टेरीने हे दोनदा समजावून सांगितलं. साहेबांनी दोनदा मान हलवली.

पुढच्या रविवारी आले ते बॅगेतून काचेचं मोजपात्र घेऊन! घरचंच होतं म्हणे. ग्लासमधली एल त्यांनी थेंबही न सांडता त्यात ओतली, वाकून, एक डोळा मिटून आकडा वाचला. सगळा पब श्वास रोखून. टेरीचा चेहरा पांढरा.

"चार मिलिलिटर जास्त आहे," क्राउझं म्हणाले.

टेरीने सुस्कारा सोडला. "म्हणजे ठीक आहे ना?"

"ठीक कसं? जास्त हीसुद्धा चूकच!"

* * *

प्रशांत पंचशील मनापासून पाळणारा. दारूचा थेंब नाही. टेरीने कधी कारण विचारलं नाही. दुसऱ्या रविवारपासून प्रशांतसाठी आल्याचं सरबत आणून ठेवायला लागला, बस्स.

एका फेब्रुवारीत ओळीने तीन पिंपं आंबट निघाली. गिऱ्हाईक एक घोट घेऊन ग्लास सरकवून द्यायचं. जर्मन माणसाला ही बिअर मुळातच संशयास्पद, त्यात आंबट! खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. टेरी खचला. तिकडे इंग्लंडमध्ये एल बनवणाऱ्याला तो सणसणीत पत्र लिहायला बसला.

"पत्र उद्या टाक," प्रशांत म्हणाला. "आधी मला तळघर दाखव."

त्याने पिंपातून, पाइपच्या मधल्या जोडातून आणि वरच्या नळातून तीन बाटल्यांत नमुने घेतले. त्यांत काय काय वाढतंय ते चार दिवस बघितलं आणि येऊन सांगितलं, "पिंप स्वच्छ आहे. पाहुणे तुझ्या पाइपमध्ये राहतात. दुसऱ्या वळणावर."

टेरीने पाइप बदलला. नवं पिंप लावलं. दांडा ओढून पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा ओले होते! दुसरा ग्लास भरून त्याने प्रशांतपुढे ठेवला. प्रशांतने तो हलकेच परत सरकवला.

"अरे, एक घोट तरी! पब वाचवलास, आणि चवसुद्धा बघणार नाहीस?"

"टेरी, मी चार वर्षं बॅक्टेरियांवर काम करतोय. त्यांचीही चव बघितलेली नाही."

* * *

मिलिंद-ऋचाची ईरा तेव्हा पाच वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. किटामध्ये, म्हणजे तिच्या बालवाडीत, बाईंनी मुलांना विचारलं, "रविवारी तुमचे बाबा काय करतात?" कुणाचे बाबा सायकल चालवतात, कुणाचे बागेत काम करतात.

ईरा म्हणाली, "माझे बाबा चर्चच्या बाकावर बसून बिअर पितात."

ऋचाला संध्याकाळी फोन आला. बाई अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

* * *

मिलिंदची आई सांगलीहून आली. मिलिंदने फोनवर तिला सांगून ठेवलं होतं, "रविवारी आम्ही इंग्रजांच्या एका जुन्या वास्तूत जातो." पहिल्याच रविवारी काकू इरकल नेसून तयार! "मलाही दाखवा की तुमची वास्तू."

न नेऊन सांगता कुणाला. ऋचा म्हणाली, "दुपारचं जेवण आहे, जेवू आणि येऊ."

आता त्या घंटेचं सांगायला हवं. टेरीने एकदा वाजवली की शेवटची ऑर्डर द्या. दोनदा वाजवली की पब बंद, निघा.

काकू दारातून आत आल्या. समोर रंगीत काचांतून आलेलं ऊन, मेणबत्त्या, लांब बाक, चमकणारं पितळ. त्यांनी दारातच चपला काढल्या.

"अहो आई, चपला राहू द्या, पाय गारठतील!" ऋचा कुजबुजली. पण काकू पुढे गेल्या होत्या. टाचा उंचावून त्यांनी घंटेची दोरी धरली आणि ठणठणीत तीनदा वाजवली! मग डोळे मिटून हात जोडले.

तीनदा वाजलेली घंटा त्या पबमध्ये कुणी कधी ऐकली नव्हती. मग सगळे जर्मन उठले. ग्लास रिकामे केले, कोट चढवले, खुर्च्या आत सरकवल्या आणि ओळीने बाहेर पडले. दुपारचा दीड वाजला होता!

टेरी पिंप बदलून तळघरातून वर आला तर पबमध्ये आम्हीच. "आग लागली का?"

काकू बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, प्रसन्न. "किती शिस्तीचे लोक गं! आरती झाली की कुणी रेंगाळत नाही."

* * *

आणि टेरीची आई.

टेरीने हायकेशी लग्न ठरवलं तेव्हा ती म्हणाली होती, "जर्मनीत मी पाऊल टाकणार नाही." लग्नाला आली नाही. पबच्या उद्घाटनालाही नाही. आणि ऐंशी वर्षांची झाल्यावर एक दिवस अचानक तिचा फोन आला, "तिकीट काढलंय." टेरी आठवडाभर पितळ घासत होता. हायके त्याने घासलेलंच परत घासत होती.

रविवारी बाराच्या जरा आधी म्हातारी काठी टेकत आली. सगळीकडे नजर फिरवली आणि फायरप्लेसजवळच्या टेबलावर जाऊन बसली. नेमकं ते लेमानआजोबांचं टेबल! लेमानआजोबा ड्रेस्डेनमध्येच जन्मलेले, दर रविवारी बाराला येणारे. बोलणं मोजकं. निम्म्या गोष्टींना त्यांचं एकच उत्तर, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

बारा वाजले. आजोबा आले, टोपी काढली आणि तिच्या समोर बसले.

टेरी धावत माझ्याकडे आला. "अनघा, तू मध्ये बस. भाषांतर कर. पण जरा सांभाळून कर."

म्हातारीने आजोबांना न्याहाळलं. "याला विचार, युद्धात आमची विमानं आली तेव्हा इथेच होता का?"

मी विचारलं.

"गेनाऊ."

"किती वर्षांचा होता?"

"सात."

"आणि घर?"

आजोबांनी तळहात उघडला आणि त्यावर हलकी फुंकर मारली. याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

तिने त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याला सांग, मीही सात वर्षांची होते. आमचं बंदराचं गाव. यांची विमानं आली, आमचंही घर असंच."

मी सांगितलं. आजोबांनी मान हलवली. काउंटरमागे हायकेने टेरीचं मनगट घट्ट धरलं होतं. आता यांच्यापैकी कुणी रडलं तर मी काय करू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हातारीने पर्स उघडली. आतून एक लाकडी पेटी काढली. डोमिनोच्या सोंगट्या! "विचार, येतं का?"

आजोबा आधीच बाह्या दुमडत होते.

चार वाजेपर्यंत त्या टेबलाला माझी गरज लागली नाही. ठिपके मोजायला भाषा लागत नाही. मी आमच्या टेबलावर येऊन निवांत बसले होते, तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली.

"ए पोरी, इकडे ये! याला सांग, हा लबाडी करतो."

मी टेरीकडे बघितलं. तो काउंटरमागून दोन्ही हात हलवून 'नको, नको' करत होता.

"शब्द न् शब्द सांग," म्हातारी म्हणाली.

मी सांगितलं.

लेमानआजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ग्लासमधला उरलेला घोट संपवला. म्हणाले, "गेनाऊ."

आणि पुढच्या डावासाठी सोंगट्या उलट्या घालून पिसायला लागले.