चुकलेल्यांत पहिलं नाव

वसुधाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मेट्रोने द्वारकेला त्यांच्याकडेच निघालो होतो. मांडीवर त्यांनी मागवलेल्या भाजणीची पिशवी होती. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एवढंच म्हणाले, "आता सावकाश ये..." त्याला सहा आठवडे झाले.

मी लातूरहून दिल्लीत संशोधनाला आलो, तेव्हा त्या माझ्या मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम दिवसभर ऐकते यार, तू तरी ताई म्हण." त्यांचा विषय जनुकांची कुळं. एका जनुकाच्या नकला होत जातात, निरनिराळ्या प्राण्यांत पांगतात. त्यांची वंशावळ संगणकाने शोधायची. शोधायच्या पद्धती अनेक आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं. त्यांतली एक ताईंनी स्वतः कित्येक वर्षं खपून बसवलेली.

त्यांच्याच सांगण्यावरून मी सगळ्या पद्धतींची तुलना करायला घेतली. संगणकात लुटुपुटीची कुळं वाढवली, म्हणजे खरी वंशावळ आपल्याला आधीच ठाऊक, आणि ती प्रत्येक पद्धतीला सोडवायला दिली. मधली काही जनुकं नाहीशी झाली की ताईंची पद्धत हटकून चुकायची. जुन्या, साध्या पद्धती तिच्यापेक्षा बऱ्या ठरत होत्या. दोन आठवडे मी गप्प राहिलो. शेवटी आर. के. पुरमच्या त्यांच्या तेव्हाच्या घरी जाऊन कागद पुढे ठेवले.

"पुन्हा करून बघितलंस?"

"तीनदा."

"मग सांगायला इतके दिवस का लावलेस?"

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला... बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "लिहायला घे. चुकलेल्यांत पहिलं नाव माझ्या पद्धतीचं. आणि बिल्कुल गुळमुळीत लिहायचं नाही."

लेख छापून आला आणि त्यांना व्याख्यानांची बोलावणी येईनाशी झाली. त्या मात्र भेटेल त्याला माझी ओळख करून देत, "माझी चूक ह्याने शोधली." त्या आवाजातल्या कौतुकाने मी अवघडून जायचो.

परवा द्वारकेला गेलो. त्यांच्या खोलीतला संगणक चालूच होता. त्यांना अचानक इस्पितळात न्यावं लागलं, त्याच्या महिनाभर आधी त्यांनी एक नवी तुलना लावून ठेवली होती. अशी गणितं महिनोन्‌महिने चालतात. "बंद करू का?" मी विचारलं.

"नको रे," भावोजी म्हणाले. "रोज सकाळी ती चहा घेऊन इथे यायची, कितपत आलंय बघायला. आता मी येऊन बसतो. पण मला त्यातलं काही कळत नाही... तू सांग, कितपत आलंय?"

मी खुर्ची ओढली आणि पडद्यावरचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.