हुंगून पाहिलेलं औषध

मुलांनो, शेवगावच्या स्टँडवर एकदाच भेटलेला तो माणूस मला अजून आठवतो. कोंबड्यांची शेड रिकामी झाली, की आत फॉर्मेलिन या उग्र रसायनाची धुरी देऊन ती निर्जंतुक करायची, हे त्याचं काम. फॉर्मेलिनचा कॅन त्याने दोन्ही पायांमध्ये जपून धरला होता. शेजारी बायको होती.

त्याने झाकण काढून कॅन तिच्या नाकाशी नेला. तिने हुंगलं, तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहिलं.

"असल हाय," पदराने डोळे पुसत ती म्हणाली.

मी चमकून पाहिलं, तसा तो हसला. "पानी मिसळत्यात लोकं, आजी. माझं नाक या कामात गेलं, म्हनून हिचं वापरतो."

"आन् माझं गेल्यावर कुनाचं आननार?" तिने त्याला कोपराने ढोसलं.

याच फॉर्मेलिनमध्ये टिकवलेले बेडूक दाखवत मी कॉलेजात जन्मभर शिकवलं. हे रसायन पेशीतल्या डीएनएला प्रथिनं चिकटवतं, मग पेशी त्याची नक्कल करताना चुकते, आणि अशाच चुकांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सगळं तोंडपाठ होतं, पण इंग्रजीत. त्यांना समजेल अशा मराठीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. "येतो आजी," म्हणून दोघं कॅन मधे धरून चढले.

घरी आल्यावर ते सगळं मी वहीत मराठीत लिहिलं. चांगलं जमलंय. पण तिला त्याची गरजच नव्हती. "बाई, हुंगू नकोस," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.