रुईत गेलेले पान

कापसाच्या तेजीच्या त्या वर्षांत अकोल्याला सगळे मिळत होते, वाचायला मात्र काही मिळत नव्हते. पुण्याहून एक मासिक टपालाने येई, तेही गावात एकच. वाचणारे आम्ही पाच जण. शेवटी शाळेच्या मास्तरांनी युक्ती काढली. अंक आला की ते त्याची शिवण उसवत आणि सुटी पाने आमच्यात वाटून देत. तीन दिवसांनी अदलाबदल. त्यामुळे एकाला गोष्टीचा मधलाच भाग आधी मिळे, तर दुसऱ्याला नुसता शेवट.

त्या मासिकात एक लेखक ‘एक गृहस्थ’ एवढ्याच सहीने गोष्टी लिही. त्याच्यावर आमचा भारी जीव. सुटीच्या दुपारी जुन्या शहरातल्या आमच्या ओसरीवर मंडळी जमत. एकाने त्याचे एखादे वाक्य म्हणायचे, बाकीच्यांनी गोष्ट ओळखायची. जिंकेल त्याला नव्या अंकाची पाने आधी निवडता येत. बहुतेक वेळा मीच जिंके, आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

खरे तर जिंकायची माझी अक्का, माझी थोरली बहीण. तिला अक्षरओळख नव्हती. मी पाने वाचून दाखवी, आणि एकदा ऐकले की ते तिला तोंडपाठ होई. खेळात अडलो की मी पाणी प्यायला आत जाई, आणि ती दाराआडून हळूच गोष्टीचे नाव सांगे. मास्तर एकदा म्हणालेही, “तुले लय तहान लागते गा!” सगळे हसले, मीही हसलो.

अक्का अमरावतीहून माहेरी आली होती, त्याला आठ महिने झाले होते. भाऊजींचा हात चालत असे. त्या मारात तिचा डावा कान गेला होता, म्हणून उजवा कान दाराला लावून ती आमचा खेळ ऐकायची. वडील एवढेच म्हणत, “तुह्यावर हाय बाई. जायचं तर जाय, राह्यचं तर राह्य. मी काई म्हणत नाई.” त्या काळी असे बोलणारा बाप विरळाच. पण ठरवायचे तिच्यावर आले आणि तिचे अन्न गोड लागेना.

नेमका तेव्हाच तो अंक आला. त्यात गृहस्थाची गोष्ट होती, माहेरी येऊन राहिलेल्या एका बाईची. सासरची गाडी तिला न्यायला दारात उभी आहे, बैल जुंपलेलेच आहेत, आणि तिथेच पान संपत होते. शेवटचे पान मास्तरांसकट कोणीच अजून वाचले नव्हते; ते मला त्यांच्याकडून सकाळी कामावर जाताना मिळणार होते. निघताना अक्का म्हणाली, “ते पान आठवणीनं आणजो. तिनं काय केलं ते मले आयकायचं हाय.”

मी तेव्हा एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापसाच्या गाठींवर शाईने खुणा उमटवत असे. पान कमरेला खोचले होते, जेवणाच्या सुटीत वाचू म्हणून. सुटीत पाहतो तो पान नाही. समोर हमाल गोणपाटात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भरून पायांनी तुडवत होते. वीसेक गाठी शिवून तयार होत्या आणि त्यांवरच्या खुणा माझ्याच हातच्या होत्या. यांतल्याच एकीत पान गेले, हे मला कळून चुकले. पण गाठ उसवा म्हणायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळच्या आत त्या गाठी गाड्यांवर चढून मुंबईच्या वाटेला लागल्या.

पान हरवेल त्याला पुन्हा पान द्यायचे नाही, असा मास्तरांचा नियम होता. मी घरी येऊन कोऱ्या कागदावर शेवट लिहून काढला आणि शाई सांडली म्हणून नक्कल केली, अशी थाप ठोकून दिली. असल्या गोष्टी गोड संपतात एवढेच मला ठाऊक होते. मी बाईला गाडीत बसवले, सासूला रडवले, नवऱ्याला शहाणा केले. एक वाक्य तर फारच साधले: ‘उंबरा ओलांडताना तिला वाटले, वाट चुकलो होतो ते आपणच.’ मास्तर ते वाचून म्हणाले, “गृहस्थाचा हात लपत नाई!” मला लाज वाटायला हवी होती. मी फुगलो.

अक्काने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग विचारले, “असंच लिवलं हाय?”

कागदावरून नजर न काढता मी म्हणालो, “असंच.” त्या एका शब्दाची मला आजही शिसारी येते.

आठ-दहा दिवसांनी अमरावतीची गाडी खरोखरच दारात आली. अक्काने आपले गाठोडे बांधले. गाडीत बसताना ती मला म्हणाली, “ओळख पाहू. ‘वाट चुकलो होतो ते आपणच.’” मी गोष्टीचे नाव सांगितले. ती हसली आणि गाडी हलली.

दीड वर्षाने अमरावतीला गेलो. अक्का चुलीपाशी होती. दोन हाका मारल्या तरी तिने मागे पाहिले नाही. समोर जाऊन बसलो तेव्हा ती म्हणाली, “तोंड इकडं करून बोल. उजवाही गेला.” कसा गेला ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

मग ती आपणहून म्हणाली, “आयकू येत नाई, मंग करू काय? शेजारच्या वकीलसाह्यबाच्या बायकोकून अक्षरं शिकली. तिच्याकडं जुने अंक हायेत. शिवलेले, समदी पानं जागच्या जागी.” तिने हातातली पळी खाली ठेवली. “ओळख पाहू. ‘तिने गाडीवानाला भाकरी दिली, बैलांना पाणी दाखवले आणि गाडी रिकामी परत पाठवली.’”

ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. गोष्ट मी ओळखली होती, पण नाव तोंडातून फुटेना.

“अडला?” ती म्हणाली. “जाय, पाणी पेऊन ये.”

माठ तिच्या पाठीशीच होता. माझ्याच्याने उठवले नाही.