कालयंत्राची मालिका आणि काकीची विहीर

तारीख अठरा नोव्हेंबर, दुपारचे तीन. रक्कम एकशे एकोणपन्नास रुपये, एका महिन्याचे. हजर मी, माझी बायको आणि नगरहून कॉलेजच्या सुट्टीत आलेली लेक. लेकीने माझ्याच मोबाईलवरून पैसे भरले आणि हिंदीत बोलणारी एक परदेशी मालिका टीव्हीवर लावली.

या मालिकांशी माझं भांडण जुनं आहे. अचाट शक्तीचा हिरो एका मारामारीत पूल पाडतो, दहा-बारा मोटारी चेपतो, आणि पुढच्या भागात तोच पूल जागेवर उभा असतो. कोणी बांधला? किती दिवसांत? एवढी वाहनं तोवर कुठून गेली? हातात बस उचलणारा माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, पण तो कधी भाडं भरताना दिसत नाही.

"पप्पा, तुम्ही पंचनामा करायला बसलाय का?" लेक म्हणाली.

"अगं, त्यांना बघायचं नसतंच, तपासायचं असतं," बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली.

मला सगळ्याच मालिका टाकाऊ वाटतात असं नाही. जिथे शक्ती वापरली की हिरोचं काही कमी होतं, दृष्टी जाते, आयुष्य घटतं, ती मालिका मी शेवटपर्यंत बघतो. फुकटची शक्ती दिसली की माझं लक्ष उडतं.

त्या दिवशीचा हिरो कालयंत्रात बसून सहा महिने मागे गेला होता. आपली एक चूक त्याला दुरुस्त करायची होती. मी लेकीला थांबवायला सांगितलं.

"हा मागे गेला, तेव्हा आधीचा हा तिथे होताच ना? मग दोन झाले. पण पुढे सगळीकडे एकच धरलाय. दुसरा कुठे गेला?"

"तो वजा झाला, पप्पा. ती टाइमलाइनच पुसली गेली."

"जी टाइमलाइनच राहिली नाही, तिच्यातून वजा कसा करणार?"

लेक हसली. मला मात्र हसू आलं नाही. जे जागेवर नाही त्यातून वजाबाकी मी स्वतःच केली होती, आणि तीही गेल्याच महिन्यात.

आमच्या गावात पावसाळा सरला की विहिरींचं पाणी मोजतात आणि ग्रामसभा त्यावरून पिकं ठरवते. विहिरीत बारा फूट किंवा जास्त पाणी असेल तर कांद्याला परवानगी, कमी असेल तर हरभरा. टेप सोडायचं काम सात वर्षं माझ्याकडे आहे. टेप कठड्यावरून सोडायचा आणि आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची. माझ्या चुलतीच्या, म्हणजे काकीच्या, विहिरीचा कठडा तीन फुटांचा. पण तो या पावसाळ्यात ढासळला होता. दगड बाजूला रचलेले मी डोळ्यांनी पाहिले होते आणि टेप जमिनीपासून सोडला होता. आकडा आला एकोणतीस. मग घरी बसून वही भरताना दरवर्षीच्या सवयीने मी तीन वजा केले. विहीर चाळीस फूट खोल. पाणी अकरा फूट होतं, मी चौदा लिहिलं.

त्या चौदावर काकीला अर्धा एकर कांदा मंजूर झाला होता. रोपाचा टेम्पो त्याच दिवशी सहा वाजता यायचा होता. सोमवारी सकाळी लागवडीच्या बाया येणार होत्या.

काका जाऊन नऊ वर्षं झाली. काकीची सगळी जमीन दीड एकर. कांदा मार्चमध्ये पाण्यावाचून बसला असता तर तिचं वर्ष गेलं असतं.

मी टेप घेतला. लेकीला पेन घेऊन गाडीवर मागे बसवलं आणि झालेली चूक सांगितली.

"न सांगता राहिलं तर?" तिने वाटेत विचारलं. मला खिजवायला नव्हे, खरंच विचारलं. तोच विचार चावडी ओलांडल्यापासून माझ्याही डोक्यात होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक उन्हाला दोष देतात, टेपला नाही.

काकी ओट्यावर होती. "बरोबर च्याच्या टायमाला आलास."

"काकी, हिरीत परत टेप सोडायचाय."

"परत? गेल्या महिन्यात काय डोळं मिटून सोडला हुता का?"

"डोळे उघडे होते. वही भरताना मिटले."

ती ओट्यावरून उतरली. पुढे चालत विहिरीवर आली आणि टेपचं टोक स्वतः धरलं. टेपला बांधलेलं वजन पाण्याला लागलं. मी आकडा वाचला. माझ्यावर विश्वास न ठेवता तिने लेकीला वाचायला लावला. तीस. म्हणजे दहा फूट. महिन्याभरात एक फूट उतरलं होतं.

"मग चार फूट कुठं गेलं?"

मी सांगितलं. एक फूट महिन्याभरात उतरलं, तीन मी वहीत वाढवून लिहिले.

"आरं, पानी काय लिवून वाढतं व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागला. "म्या तुझ्या आकड्यावर रोपाचा इसार दिलाय. तीन हजार."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी रोपवाल्याला फोन लावला.

"रोप उपटून झालंय, भाऊ. टेम्पोत भरतोय. आता काय परत मातीत खोचू?"

"दुसरं गिऱ्हाईक नाही?"

"गिऱ्हाईक हाय. पण इसार माघारी देनार न्हाई."

काकीने माझ्या हातातून फोन घेतला. "दे त्याला. माझ्या रानात आनू नको." फोन माझ्या हातात परत ठेवला आणि विहिरीत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तू न्हाई सांगितलं अस्तं तर मला कवा कळलं अस्तं?"

"मार्चमध्ये."

"तवा म्या उन्हाला शिव्या घातल्या अस्त्या."

संध्याकाळी लेकीने मालिकेची उरलेली वीस मिनिटं लावली. हिरोने चूक दुरुस्त केली. ज्या बाईचं त्याने नुकसान केलं होतं ती सकाळी हसत उठली. काय झालं होतं, कोणी केलं होतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. संगीत वाजलं. मला हे पटलं नाही, तसं मी बोललो.

"मग तिला सांगायला हवं होतं? तिचं तर काहीच बिघडलं नाही," लेक म्हणाली.

"बिघडलं होतं. ते त्याला ठाऊक आहे, तिला नाही. या मालिका तिथेच खोटं बोलतात."

बायको म्हणाली, "महिना बंद करायचा का मग?" मी नको म्हणालो. पुढचा भाग बघायचा होता.

सकाळी ग्रामपंचायतीत वहीतला चौदा आडवी रेघ मारून खोडला, शेजारी अकरा लिहिलं, कारण लिहिलं आणि सही केली. खाली काकीने सही केली. सरपंच म्हणाले, "पुढच्या वर्षी टेपला दोघं जा." मी मान्य केलं.

बायांना काकीने हरभरा पेरायला वळवलं, त्यांचा रोज बुडाला नाही. इसाराचे तीन हजार मी काकीला रोख दिले. तिने दोनदा मोजून पदरात बांधले.