बोट उचललं की येणारं अक्षर

बसवकल्याणला तहसील कचेरीसमोर टायपिंग करणारे ते गृहस्थ भांडतात मराठीत, पण आकडे मोजतात कन्नडमध्ये. कीबोर्डवर नसलेली अक्षरं त्यांना आकड्यांनिशी पाठ आहेत. आपल्या कीबोर्डला ते कुणाला हात लावू देत नाहीत. काल मात्र माझ्या पोरीचा फ्रान्सच्या कॉलेजचा फॉर्म भरताना, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ई आला आणि ते उत्साहानं उसळलेच.

"अण्णा, ऑल्टचं बटण तुमी दाबून धरा!"

मी धरलं. ते आकडे दाबत गेले, "सोन्ने, एरडु, मूरु, मूरु!"

अक्षर काही येईना.

"कामून धरून बसलाव? सोडल्याबिगर येत न्हाई ते!"

मी शेजारी उभ्या पोरीकडं पाहिलं आणि बोट उचललं. अक्षर उमटलं.

त्यांनी टाळी वाजवली. "गेली बघा पोरगी फ्रान्सला!"