वर्तककाकांची उदबत्ती

वर्तककाका पक्के नास्तिक, पण खिशात उदबत्ती कायम. कोणाच्याही घरी गेले की आधी ती पेटवायची, दाराच्या फटीशी, खिडकीशी धरायची आणि धूर कुठे वळतो ते बघत बसायचं. "धूर खोटं बोलत नाही," म्हणायचे, "माणसं बोलतात." जन्मभर इथे लंडनात, इल्फर्डच्या बाजूला हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलेलं; समोरचा माणूस जागा आहे की नाही, याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसे.

रिटायर झाल्यावर त्यांनी ब्रॅकनेलला, माझ्या ऑफिसच्या जवळच, मोबाइल होम घेतलं. पत्र्याचं लांबोडकं घर. रविवारी मी जायची ती मालतीकाकूंसाठी. काकूंना दमा. त्या उन्हाळ्यात ऑफिसातले गोरेसुद्धा टाय सोडून बसले होते. काकांच्या घरात पुढचा हॉल गारेगार आणि मागची काकूंची खोली म्हणजे भट्टी. पोर्टेबल एसी अर्थातच हॉलमध्ये, काकांच्या खुर्चीशेजारी.

"अहो, ते मशीनच माझ्या खोलीत आणा ना," काकू म्हणायच्या.

"ती ट्रीटमेंट झाली, मालती. मला क्युअर हवाय."

मग क्युअर सुरू झाला. दारं खालून कापली, पॅसेजमध्ये पंखा टांगला, छपराला चंदेरी शीट चिकटवली. काकूंचं देवघर हवेच्या वाटेत येतं म्हणून शेडमध्ये गेलं. फोडणी बंद झाली. पाहुणासुद्धा काकांच्या लेखी नुसती उष्णता. "एक माणूस म्हणजे शंभर वॅट," मला दारातच ऐकवायचे. "तू आलीस की माझं रीडिंग बिघडतं. चहा नकोय ना तुला?"

आणि दर बदलानंतर काकूंच्या उशाशी उदबत्ती, हवा पोचली का ते बघायला. दम्याच्या बाईच्या उशाशी, आणि हा माणूस म्हणे डॉक्टर. काकू पदर नाकाला लावून म्हणायच्या, "पोचली हो, पोचली." कसली पोचतेय! धूर थांबावा म्हणून म्हणायच्या बिचाऱ्या. काका खूश होऊन हॉलमध्ये जाऊन बसायचे.

शेवटी त्यांची इथेच वाढलेली मुलगी नेहा हॅरोहून गाडी घेऊन आली. "बाबा, आईला मी नेते. हा खोली खूप हॉट आहे. शी कान्ट ब्रीद."

"आजच पंखा उलटा फिरवलाय," काका म्हणाले. "पेशंटच हलवला तर रिझल्ट कळणार कसा?"

काकूंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि नेहाला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येते गं." सगळा संसार त्यांनी असाच केला होता. मला त्या बॅगेला लाथ घालावीशी वाटली. खरं तर काकांनाच.

पुढचा आठवडा काकूंना मिळाला नाही. एका दुपारी धाप लागली ती थांबलीच नाही, आणि अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा नेहा मागच्या खोलीत बसली होती; तिथेच काकूंचा हार घातलेला फोटो होता. काकांनी त्याच्यापुढे उदबत्ती लावली. चला, माणूस आहे म्हणायचा, असं वाटून मला जरा बरं वाटलं. पण ते फोटोकडे बघतच नव्हते.

"बघ, कसा छान वळतोय धूर," ते मला म्हणाले. "दोन्ही खोल्या सारख्या झाल्या. शंभर वॅट कमी झाले ना."

नेहा उठली आणि तिने ती उदबत्ती चिमटीत धरून विझवली. "आईला धूर चालत नाही, बाबा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून काडेपेटी काढली आणि उदबत्ती पुन्हा पेटवली.